काळी कांडी

अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले असताना साताऱ्यातील या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तराजूआधी भट्टी पेटते. बशीतील पांढरी भुकटी लँथॅनम ऑक्साइडची आहे. ती हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून जड होते, त्यामुळे १००० अंशांवर तापवून लगेच तोलली नाही, तर पुढचे सारे प्रमाण चुकते.

लँथॅनम, निकेल आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचा एकसंध स्फटिक घडवायचा आहे, म्हणून तिच्यात हिरवे निकेल ऑक्साइड मिसळते. लँथॅनमचे तीन अणू तर निकेलचे दोन, असा हिशेब सांभाळत विद्यार्थिनीचा हात खलात तासन्‌तास फिरत राहतो. भाजलेले मिश्रण काळे पडते, ते पुन्हा खलायचे आणि पुन्हा भाजायचे. मग ते लांबट रबरी फुग्यात ठासून, चहूबाजूंनी दाबून पेन्सिलीएवढी कांडी केली जाते. फुगा सोलताना तिची बोटे कशी चालतात, ते पाहावे. शोधनिबंधात या साऱ्याला एखादी ओळ मिळते. आम्ही मात्र येथे मुद्दाम रेंगाळलो आहोत.

उच्च दाबाची भट्टी येथे नाही, म्हणून कांड्या कापसात गुंडाळून दूरच्या प्रयोगशाळेत जातात. हे दृश्य त्या भट्टीच्या झरोक्यातील आहे. झेनॉन दिव्याचा प्रकाश आरशांनी एका जागी एकवटला आहे, वरची आणि खालची कांडी परस्परविरुद्ध फिरत आहेत, आणि मधला वितळलेला थेंब केवळ पृष्ठताणावर टिकून आहे. कांडी किंचित वाकडी असली, तरी तो डगमगतो. तासाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे वितळलेला भाग सरकतो आणि त्याच्यामागे स्फटिक थिजत जातो. साध्या हवेत इतक्या उष्णतेला ऑक्सिजन निसटून ही संयुगे मोडतात, म्हणून कोठीत १५ बार, म्हणजे हवेच्या सुमारे पंधरापट, दाबाचा ऑक्सिजन भरलेला असतो. लँथॅनम आणि निकेल चारास तीन प्रमाणात असलेल्या भावंड-संयुगाला २० बार लागतात, आणि त्यातील लँथॅनमच्या जागी प्रेसिओडिमियम आले, की १४० च्या आसपास.

तीनास दोन प्रमाणाच्या या संयुगाच्या स्फटिकांवर १४ गिगापास्कलहून अधिक, म्हणजे हवेच्या सुमारे एक लाख चाळीस हजार पट, दाब दिल्यावर सुमारे ८० केल्विनला (उणे १९३ अंश सेल्सियस) अतिसंवाहकतेची, म्हणजे वीज विरोधाविना वाहण्याची, चिन्हे दिसल्याचे चिनी संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केले.

परत आलेल्या तुकड्याचे हे क्ष-किरण चित्र आहे. एकच स्फटिक असता, तर ठिपक्यांची एकच नक्षी उमटली असती. येथे दोन नक्ष्या एकमेकींवर चढल्या आहेत. खलात पुढची भुकटी पडली आहे.