खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का?

(समोर भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची.)

नमस्कार. घरातल्या आजी-आजोबांना खुर्चीतून उठताना एकदा नीट बघा. दोन्ही हात मांड्यांवर रोवले जातात का? पहिला झोका फसतो आणि दुसरा घ्यावा लागतो का? असं झालं की घरात सगळे म्हणतात, "गुडघे गेले." गुडघे दुखत असतीलही, पण अनेकदा खरी कमी झालेली असते ती ताकद. मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंची.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, साठीनंतर वेग आणखी वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर जाते. स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात. काही सावकाश, बराच वेळ काम करणारे, काही झटक्यात जोर लावणारे. वयाबरोबर जास्त बारीक होतात ते झटक्याचे. म्हणून रोज तासभर बागेत फिरणारे आजोबाही खोल सोफ्यात अडकतात, आणि ठेच लागली की सावरायला पाय वेळेवर पुढे पडत नाही. चालणं सोडू नका, पण नुसत्या चालण्यानं ही ताकद टिकत नाही.

आणि दिवसभरात उठावं लागतं ते पलंगावरून, रिक्षातून, संडासातून. संडासातून एकटीला उठता आलं नाही, तर बाकी सगळं धड असूनही त्या बाईला कुणाला तरी हाक मारावी लागते. म्हणून आम्ही सगळ्यात आधी हेच तपासायला सांगतो.

तपासायचं असं. खुर्चीची बैठक जमिनीपासून 17 इंचांच्या आसपास, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची घसरणारी खुर्ची नको. हात छातीवर फुली करून ठेवायचे. मोबाइलवर 30 सेकंद लावा. पूर्ण उभं राहून पुन्हा पूर्ण बसलं की एक. हात टेकला तर मोजणी तिथंच थांबते, आकडा शून्य. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या तक्त्यात 65 ते 69 वयाला पुरुषांसाठी 12 आणि बायकांसाठी 11, 75 ते 79 ला 11 आणि 10, 80 ते 84 ला 10 आणि 9 असे आकडे आहेत. त्याहून कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त. आकडे तिथल्या लोकांवरचे आहेत, तेव्हा धसका घेऊ नका. पण शून्य आलं तर आजच कामाला लागा.

(खुर्चीवर बसून, बाजूनं दिसेल असं.)

बहुतेकांचं चुकतं ते इथं. पावलं पुढं ठेवून, पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतात. शरीराचा भार अजून खुर्चीवरच असतो, मग उठणार कसं? आधी सरकत कडेपर्यंत या. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, दोन्हींत वीतभर अंतर. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. भार पावलांवर आला की टाचा दाबून उठा. बसताना मनात चारपर्यंत मोजत बसा. धपकन बसू नका, ठिसूळ झालेला मणका तेवढ्या दणक्यानंही दबू शकतो. शिवाय सावकाश बसणं हाच अर्धा व्यायाम आहे.

हात न टेकता जमतच नसेल तर बैठक उंच करा. सतरंजीची घट्ट घडी घाला, मऊ उशी नको, ती बुडते. 8 वेळा उठा-बसा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा 8. एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळांना खरंच जोर लागला पाहिजे, नाहीतर स्नायू वाढायला कारणच मिळत नाही. सोपं वाटू लागलं की सतरंजीची एक घडी कमी. छातीत दुखलं, चक्कर आली, गुडघ्यात तीव्र कळ आली तर थांबा. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टना विचारा.

खाण्याचं थोडक्यात. या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 55 किलोच्या आजीला निदान 55 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम. सकाळी चहा-खारी आणि रात्री पातळ वरण-भात, यात हा हिशेब बसत नाही. दही, उसळ, पनीर, अंडी प्रत्येक जेवणात हवं. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? मग ताकदीआधी बीपी बघा. आडवं असताना मोजा, उठल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर ते डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. गोळ्या मनानं बंद करू नका.

आता घरच्यांसाठी. "तुम्ही बसा, मी देते" यात माया आहे, पण प्रत्येक तांब्यामागे एक उठणं कमी होतं. निरोगी वयस्करांना 10 दिवस पलंगावर ठेवलेल्या एका प्रयोगात पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले होते. उठवायची वेळ आलीच तर काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. वॉकरला धरूनही उठू देऊ नका, तो अंगावर येतो. रेटा खुर्चीच्या हातांवर द्यायचा, वॉकर नंतर धरायचा. न्हाणीघरातला टॉवेलचा दांडा म्हणजे आधार नव्हे. भिंतीत पक्का बसवलेला दांडाच हवा, चिकटवलेला सुटतो.

आणि पडलंच तर? घाईनं उठू नका. खुब्यात किंवा मानेत कळ असेल तर हलू नका, हाक मारा. नसेल तर कुशीवर वळा, मग हात-गुडघ्यांवर या, जड खुर्चीपर्यंत रांगा. दोन्ही हात बैठकीवर, जास्त ताकदीचा पाय पुढे टेकवा, जोर लावा, वळून बसा. धडधाकट असतानाच हे चटईवर दोनदा करून बघा. आणि रात्री मोबाइल उंच कपाटावर नको, जमिनीवरून हात पोचेल असा ठेवा.