थेंबाची आठवण

श्रोतेहो, नमस्कार.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. घरासमोरच सूत रंगवायचा कारखाना. तिथला नियम होता, आधी फिका रंग, मग गडद. पण घाईची ऑर्डर आली की लाल सूत काढलेल्या टाकीतच पिवळा रंग कालवायचे. टाकी कितीही खंगाळली तरी पहिल्या दोन-चार लडी नारिंगी निघायच्या. आज ज्या तारेबद्दल सांगणार आहे, तिची अडचण नेमकी हीच आहे.

ही अर्धवाहकाची, म्हणजे सिलिकॉनसारख्या चिपच्या पदार्थाची, नॅनोतार. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा हजारभर तारा शेजारी शेजारी सहज मावतील. ती ओढून काढत नाहीत, उगवतात. रीत 1964 सालची, बेल प्रयोगशाळेतल्या वॅग्नर आणि एलिस यांची. सोनं 1064 अंशांना वितळतं, सिलिकॉन 1414 अंशांना. पण दोघं योग्य प्रमाणात एकत्र आले की 363 अंशांनाच पातळ होतात! तापवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याचा बारीक कण ठेवायचा आणि वरून सिलेन, म्हणजे सिलिकॉन असलेला वायू सोडायचा. थेंब सिलिकॉन पीत जातो. पोट भरलं की जास्तीचं सिलिकॉन त्याच्या बुडाशी थराथरानं बसतं, आणि जोंधळ्याच्या ताटावर कणीस वर जावं तसा थेंब शेंड्यावर चढत राहतो.

आता मध्येच वायू बदला, जर्मेनियम या दुसऱ्या अर्धवाहकाचा सोडा. पुढचा तुकडा जर्मेनियमचा होतो. 2002 साली हार्वर्ड, बर्कली आणि स्वीडनमधलं लुंड, इथल्या तीन गटांनी असे वेगवेगळ्या पदार्थांचे पट्टे असलेल्या तारा करून दाखवल्या. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटानं गाभा एका पदार्थाचा आणि साल दुसऱ्याची, अशीही तार केली.

तारच कशाला हवी? जर्मेनियमच्या स्फटिकात अणूंची जी जाळी असते, तिच्यातलं अणूंचं अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त. रुंद चकतीवर जर्मेनियमचा थर थोडा जाड झाला की हा ताण सोसत नाही, जाळीत दोष पडतात. तारेला मात्र चहूबाजूंनी मोकळीक असते. ती सांध्यापाशी किंचित फुगते आणि ताण जिरवते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पण थेंब आपल्या त्या टाकीसारखाच. वायू बदलला तरी पोटातलं आधीचं द्रव्य संपेपर्यंत तो दोन्ही मिसळूनच खाली देतो, आणि सांधा पुसट होतो. इलेक्ट्रॉननं पातळ भिंतीपलीकडे झिरपावं अशी उपकरणं करायची, तर तो सांधा धारदारच लागतो. तार जितकी बारीक, तितका थेंब लहान आणि पुसटपणा कमी, हा एक उपाय. दुसरा 2009 साली पुढे आला. सोन्यात ॲल्युमिनियम मिसळून थेंब वितळूच द्यायचा नाही, घनच ठेवायचा. घन कणात सिलिकॉन आणि जर्मेनियम फारच थोडं विरघळतं, मग मागे उरणार काय? वायू बदलला की जवळजवळ लगेच नवा पदार्थ सुरू होतो.

अशी तार वाढते मात्र फार सावकाश.