तिशाचा डोळा

(दृश्य: गवताळ माळ. उभ्या गाडीची काच अर्धी खाली. काचेवर कापडी पिशवी, पिशवीवर लांब लेन्स.)

जानेवारीतली सकाळ, सव्वासात. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ. सूर्य नुकताच वर आलाय. कुसळी गवतावरून एक भोवत्या, म्हणजे एक शिकारी पक्षी, तरंगत गेला. हिवाळ्यापुरता पाहुणा, मध्य आशियातून आलेला. त्याच्यामागे आज लागायचं नाही. आपला गडी समोरच्या बाभळीवर बसलाय. तिसा, फिकट डोळ्याचा शिकारी पक्षी.

काचेवरची ती पिशवी घरचीच. जुन्या जीन्सचा पाय कापला, दोन किलो मका भरला, तोंड शिवून टाकलं. गाडीतून उतरायचं नाही. चारचाकीला हे पक्षी फारसं भीत नाहीत, पण दोन पायांचा माणूस दिसला की उडाले.

(दृश्य: तिशाचा चेहरा जवळून.)

आता चेहरा बघा. चोचीच्या मुळाशी नारिंगी-पिवळी कातडी. पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक काळी उभी रेघ. आणि डोळा पांढरट, फिकट पिवळ्याकडे झुकणारा. रागावल्यासारखा दिसतो ना? राग नाही तो. डोळ्यावर हाडाची कड पुढे आलेली असते, छपरीच्या वळचणीसारखी. त्या कडेमुळे गरुड काय, तिसा काय, कायम कपाळाला आठ्या घातल्यासारखे दिसतात.

फोटोवाल्याची सगळी पंचाईत ह्या वळचणीने केलीय. ऊन डोक्यावर आलं की तिची सावली थेट डोळ्यात पडते आणि फोटोत डोळ्याच्या जागी काळं भोक उरतं. म्हणून ही वेळ. आत्ता ऊन आडवं येतंय, वळचणीखालून आत शिरतंय, बुबुळावर टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका चमकतोय. तो ठिपका नसेल तर पिसं कितीही लख्ख येऊ देत, पक्षी पेंढा भरल्यासारखा वाटतो.

नऊनंतर आणखी एक दुखणं सुरू होतं. जमीन तापते, हवा थरथरायला लागते, आणि लांबच्या लेन्समधून सगळंच पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. ते धूसरपण संगणकावर कितीही धार लावून निघत नाही. तेव्हा सरळ चहाला जावं.

(दृश्य: तिसा पुढे झुकतो, शेपटी उचलतो.)

हं, आता बोट तयार ठेवा. शिटला, म्हणजे बहुतेक उडणार. उडण्याआधी वजन हलकं करायची शिकारी पक्ष्यांची ही सवय ज्याला कळली, त्याला उड्डाणाचा फोटो मिळतो. शटर सेकंदाच्या एक भागिले दोन हजारवर. गेला.

(दृश्य: रात्र. संगणकाचा पडदा, फोटोंची रांग.)

घरी आल्यावर चारशे फ्रेम. बऱ्याच पहिल्या फेरीतच कचऱ्यात. काहींत डोळा दुधाळ दिसतो. तो बिघाड नव्हे, पक्ष्याची तिसरी पापणी आडवी सरकताना सापडलेली असते. असा एखादा फोटो मी ठेवतो. लोकांना तो आवडत नाही, मला आवडतो.

पुढची कामं रोजचीच. पांढऱ्या गळ्यातला तपशील उडाला नसेल तर उजेड थोडा उतरवायचा. पक्षी जिकडे बघतोय तिकडे मोकळी जागा सोडून फोटो कापायचा. फोटोतले रवाळ दाणे कमी करायचे ते आकाशातले, पिसांवरचे नाहीत, नाहीतर पिसं मेणाची दिसतात. मध्ये आलेली काटकी काढावी का? मी काढत नाही. बाभळीवर बसलेल्या पक्ष्याच्या फोटोत बाभूळ असणारच.

आणि मग डोळा. इथे मी एकदा चांगला तोंडावर आपटलोय.

(दृश्य: ढगाळ माळाचा जुना फोटो. फिकट डोक्याचा पक्षी.)

हा जूनअखेरचा. आभाळ भरलेलं, डोळा काळपट आलेला. मला वाटलं, सावलीच आहे. तिसा म्हटल्यावर डोळा पांढराच असणार. डोळ्यापुरता मास्क केला, म्हणजे तेवढाच भाग निवडला, उजेड वाढवला, तपकिरी छटा घालवली. डोळा असा झळकला की स्वतःवरच खूश होऊन ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत एका जुन्या पक्षीनिरीक्षक काकांचा फोन. "अरे, पोटावर उभ्या रेघा पोराच्या आणि डोळा बापाचा? कुठे भेटला तुला हा?"

तिशाच्या पिल्लाचा डोळा तपकिरी असतो. मोठा होता होता तो फिकट होत जातो. दुसऱ्या शिकारी पक्ष्यांचंही असंच. कापशीच्या पिल्लाचा डोळा लाल नसतो, तो पुढे लाल होतो. शिक्र्यात नराचा डोळा मादीपेक्षा लालसर. म्हणजे सावली समजून मी जे पुसलं होतं, ते त्या पाखराचं वय होतं.

(दृश्य: पडद्यावर मूळ रॉ फाइल, कॅमेऱ्यातून आली तशीच, उघडते.)

आता मी डोळ्याला हात लावतो तो फक्त उजेडापुरता, तोही जेमतेम. रंगाची पट्टी शून्यावर. जूनचा तो फोटो मूळ फाइलवरून पुन्हा केला. डोळा काळपटच राहिला, ठिपकाही नाही त्यात. पहिल्या फोटोला जेवढे अंगठे मिळाले होते, त्याच्या निम्मेही ह्याला मिळाले नाहीत.

काकांनी मात्र तो मागून घेतला.