नव्वद टक्के एकमत, पण कशावर?

वर्गाच्या मागच्या बाजूला दोन निरीक्षक बसलेत, एकाला दुसऱ्याचा कागद दिसणार नाही एवढं अंतर ठेवून. एकाच मुलाचं वर्तन दोघंही नोंदवणार; नोंदी जुळल्या, तरच मोजणीवर विसंबता येतं. दोघांच्या कानात एकाच टायमरची बीप. दहा मिनिटांचं सेशन, दहा-दहा सेकंदांचे 60 खाने. समोरचं मूल स्वतःच्या हाताला चावलं की त्या खान्यात फुली, नाहीतर शून्य.

चावणं कशाला म्हणायचं, हे आधीच लिहून ठरलंय. मनगटापासून बोटांपर्यंत कुठेही दात टेकायला हवेत. बोट नुसतं चोखलं, तर फुली नाही.

आता तक्ते शेजारी-शेजारी ठेवू. फुल्या दोघांच्याही चार-चार. बेरीज जुळली म्हणून घाईत कुणी 100 टक्के लिहून मोकळं होईल. पण खान्याला खाना ताडून पाहा. दोघांची फुली एकाच खान्यात पडलीय ती फक्त एकदा. तीन खान्यांत एकट्या पहिल्याची, तीनांत एकट्या दुसऱ्याची. उरलेल्या 53 खान्यांत दोघांचंही शून्य. म्हणजे 60 पैकी 54 खाने जुळले: 90 टक्के. वर्तन विश्लेषणात, म्हणजे वर्तन मोजून ते बदलण्याच्या शास्त्रात, साधारणपणे 80 टक्क्यांना पास धरतात.

हा पास मात्र फसवा आहे. दुसरा निरीक्षक डुलक्या काढत सगळीकडे शून्यच टाकत राहिला असता, तर जुळणी 93 टक्के आली असती! वर्तन क्वचित घडणारं असलं की शून्यावरचं एकमत फुकटात मिळतं. म्हणून निदान एकाची तरी फुली आहे असे सातच खाने घ्यायचे. त्यात जुळलेला एक. झाले 14 टक्के. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला कॅपा हा जुळणीचा आकडा योगायोगाची जुळणी वगळून हिशेब करतो (1 म्हणजे पूर्ण जुळणी, 0 म्हणजे निव्वळ योगायोग). तोही इथे जेमतेम 0.20 येतो. वर्तन जवळजवळ सतत घडत असेल, तर उलट शून्याचे खाने तपासायचे.

एकट्या पडलेल्या फुल्या लगतच्या खान्यांत असतील, तर व्याख्येला दोष देण्याआधी टायमर बघा. बहुधा एक जण एक खाना मागे पडलेला असतो. नुसत्या बीपऐवजी खान्याचा आकडाच ऐकवला की हे टळतं.

दोन निरीक्षकांची ही तपासणी किती सेशन्सची? निदान 20 टक्के, शक्यतो एक तृतीयांश, आणि उपचाराआधीच्या व नंतरच्या दोन्ही टप्प्यांत. तीही न सांगता. आपल्याला कुणी तपासत नाहीये असं वाटलं की निरीक्षकांची जुळणी घसरते, हे संशोधक जॉन रीड यांनी 1970 मध्येच दाखवलंय. जुळणी पडली, तर दोघांना सरावाच्या व्हिडिओवर पुन्हा बसवायचं. त्यात व्याख्या बदलावी लागली, तर जुने आकडे नव्या आलेखाला जोडायचे नाहीत.