कानपूरचं ॲव्रो

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक आवाज आठवून पाहा. विमानतळाच्या कुंपणाबाहेर आपण उभे आहोत आणि पंख्यांच्या घरघरीवर चढलेली एक बारीक, तीक्ष्ण शिटी कानात शिरते आहे. रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनाची ही शिटी ज्यांनी ऐकली, ते ती विसरलेले नाहीत. अशी दोन इंजिनं असलेल्या ॲव्रो विमानाबद्दल मला आज बोलायचंय. आपल्या देशातल्या कारखान्यात जुळलं आणि लोक तिकीट काढून ज्यात बसले, असं एवढं मोठं विमान त्याच्यानंतर झालं नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते.

कागदोपत्री त्याचं नाव हॉकर सिडली ७४८. पण आराखडा ॲव्रो कंपनीचा, म्हणून आपल्याकडे ते ॲव्रोच राहिलं. पहिलं उड्डाण २४ जून १९६० रोजी, इंग्लंडमधल्या वुडफर्ड इथे. जुन्या डकोटाची जागा त्याला घ्यायची होती. डकोटा जमिनीवर शेपूट टेकून उभं राहायचं. प्रवाशाला चढण चढल्यासारखं आपल्या आसनापर्यंत जावं लागे. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे फार उंचावरून जाता येत नसे आणि पावसाळी हवेत प्रवासी पार घुसळून निघत. ॲव्रोमध्ये दाब राखलेली केबिन आली. इंजिन जेटसारखंच टर्बाइनचं, पण त्याची ताकद गिअरमधून पंख्याला मिळे. त्यामुळे आखूड धावपट्टीही त्याला पुरायची.

हवा तापली की विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. अशा वेळी उड्डाण करताना डार्टमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण सोडत. नागपूरचा मे महिना ज्यांनी सोसलाय, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता कानपूर. वायुदलाने तिथे चकेरीला कारखाना उभा केला. त्यामागे एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांची जिद्द होती. सुटे भाग इंग्लंडहून आले, जोडणी आपल्या माणसांनी केली आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी पहिलं भारतीय ॲव्रो आकाशात गेलं. मूळ विमानाच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम सोळा महिने झाले होते! वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी आदल्याच वर्षी गेले होते. या विमानाला 'सुब्रोतो' हे नाव दिलं गेलं.

पुढे हा कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे आला. कानपुरात एकूण ८९ ॲव्रो तयार झाली. ७२ वायुदलाला आणि १७ इंडियन एअरलाइन्सला.

या इतिहासातलं एक पान आपल्या अगदी जवळचं आहे आणि ते दुःखाचं आहे. ४ ऑगस्ट १९७९. ऐन पावसाळा. पुण्याहून मुंबईकडे निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ॲव्रो पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. आतले सर्व ४५ जण गेले. सह्याद्रीचे माथे श्रावणात ढगात कसे बुडतात, हे घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तो रस्ता उतरताना मला त्या पंचेचाळीस जणांची आठवण होते.

वायुदलाच्या ॲव्रोंनी माणसं नेली, सामान नेलं, वैमानिक शिकवले. एकाच्या पाठीवर टेहळणी रडारचा मोठा घुमट बसवून चाचण्याही घेतल्या. ते विमान ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ कोसळलं. शास्त्रज्ञ आणि हवाई सैनिक मिळून आठ जण त्यात मृत्युमुखी पडले. ते कामही त्यानंतर थांबलं.

ॲव्रोंच्या जागी दुसरी विमानं घ्यायचा करार अखेर २०२१ साली झाला. ५६ सी-२९५ विमानं, त्यातली ४० वडोदऱ्याला तयार व्हायची. तीही पंख्याचीच, टर्बोप्रॉप. पहिलं सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनहून आलं आणि वडोदऱ्याच्या ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं. त्याआधी या स्क्वाड्रनचे वैमानिक ॲव्रोच उडवत होते.