आधी छप्पर, मग सोलर

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल महिना, माण तालुक्यातली पत्र्याची शाळा. शाळा सकाळची होती, पण परीक्षेमुळे अकरा वाजून गेले होते. तिसरीतली एक मुलगी पेपर लिहिता लिहिता उठली, बाहेर गेली आणि कडुलिंबाखालच्या पायरीवर जाऊन बसली. "गुरुजी, हितं गार लागतंय," एवढंच म्हणाली. वर्गात डोक्यावर दोन पंखे जोरात फिरत होते. पंखा हवा गार करत नाही, आहे तीच हवा हलवतो. आणि पत्र्याखालची ती हवा भट्टीसारखी झाली होती.

मी ३४ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये काढली. दुष्काळी माणमध्ये काढली आणि मुसळधार पावसाच्या पाटणमध्येही. जुन्या इमारतींची दुरुस्ती मी जवळून पाहिली, काही वेळा माझ्या सहीनेच झाली. आज तुमच्याशी बोलतोय ते एवढ्यासाठी, की आपल्या जुन्या शाळा मुळात गरम नव्हत्या. आपण त्या दुरुस्त करता करता गरम केल्या.

काळ्या दगडाची दीड-दोन फूट जाडीची भिंत आठवा. सकाळचं ऊन तिच्यातून आत यायला इतका वेळ लागतो की तोवर शाळा सुटलेली असते. वर मंगलोरी कौलं. कौलाकौलांतल्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची. वर्गापुढे ओसरी, म्हणजे भिंतीवर थेट ऊन नाही. वीज गावात यायच्या आधीच्या या इमारती, त्यामुळे वारा आणि उजेड कुठून घ्यायचा याचा विचार बांधणाऱ्या गवंड्याने आणि सुताराने केलाच होता.

मग काय झालं? वानरांनी कौलं फोडली. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळायला माणूस मिळेना. वर्ग गळायला लागला, आणि अंदाजपत्रकात सगळ्यात सोपं काय, तर पत्रा. ओसरी बंद करून तिथे पोषण आहाराचं धान्य ठेवलं. मागच्या खिडकीला कपाट लावलं. पुढे अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवले, ते दुपारी तापतात आणि सगळी झळ वर्गात येते. यातलं प्रत्येक काम कुणीतरी चांगल्या मनानेच केलं होतं. पण सोसावं लागलं मुलांना.

आता उपायाकडे येऊ, आणि सुरुवात छपरापासूनच करू. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. साताऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सावली पायाखाली गडप होते. म्हणजे मार्चपासूनच उन्हाचा खरा मारा भिंतीवर नसतो, छपरावर असतो.

सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही एकदा एक साधा प्रयोग केला होता. पत्र्याचे दोन तुकडे घेतले. एकाला चुन्याचे दोन हात दिले, दुसरा गंजका तसाच ठेवला. दोन्ही मैदानात मांडले. दुपारी बाराला मुलं ओळीने आली. गंजक्या पत्र्याला बोट लावताच हात झटकत होती. पांढऱ्यावर तळहात टेकवून उभी राहत होती, आणि एकमेकांकडे बघत होती. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, हे वाक्य त्यानंतर मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

छपराला चुना द्यायचा तर फेब्रुवारीत द्या. चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, त्यात थोडा फेविकॉल घाला, म्हणजे धरून राहतो. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. पत्र्यावर चढणारा माणूस मात्र कामाचा हवा आणि त्याने वाशावरूनच पाय टाकावा. मुलांना वर चढवू नका. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू नका, फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते.

पत्र्याखाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं आतलं छत, किंवा बांबूचे तट्टे बसवता आले तर फारच उत्तम. पत्रा आणि छत यांत वीतभर मोकळी जागा ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळीचे झरोके काढा, म्हणजे मधली तापलेली हवा बाहेर पडेल. थर्माकोल लावू नका. ते ठिणगीने पेटतं.

छपरावर वजन वाढवताना विचार करा, हेही सांगितलंच पाहिजे. आपण कोयनेच्या शेजारचे लोक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप पाटण तालुक्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. दगडमातीच्या भिंतीवर जाड कोबा किंवा सोलरचा सांगाडा चढवण्याआधी जाणकार इंजिनिअरला भिंत आणि आढं दाखवा.

उजेडाचं म्हणाल तर एक-दोन काचेची कौलं पुरतात. पाटणच्या शाळेत आम्ही प्रत्येक वर्गात दोन-दोन बसवली. उन्हाचा भाकरीएवढा तुकडा जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. पोरांनी खडूने त्याच्या खुणा केल्या होत्या. तुकडा तिसऱ्या खुणेवर आला की मधली सुट्टी. पावसाळी ढग सोडले तर तिथे ट्यूब लावावी लागत नव्हती.

आता विजेचा हिशेब. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या शाळेत मी शिकवलं आहे. एका वर्गात जुने ७५ वॅटचे दोन पंखे आणि चोकसकट ५० वॅटच्या दोन ट्यूब धरा. झाले २५० वॅट. सहा तास चालले तर दीड युनिट. सात वर्ग असतील तर दिवसाला साडेदहा युनिट. आता तिथे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, दोन पंखे आणि २० वॅटचे दोन एलईडी बसवा. वर्गाला १०० वॅट, सात वर्गांना दिवसाला ४.२ युनिट. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे जिथे अडीच-तीन किलोवॉट लागले असते, तिथे सव्वा किलोवॉटमध्ये भागतं. छप्पर गार असेल तर पंखेही कमी वेळ फिरतात.

म्हणून माजी विद्यार्थी देणगी घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, शाळेला सोलर देऊ," तर त्यांना आधी छप्पर दाखवा, मग पंखे दाखवा, आणि उरलेल्या पैशात सोलर घ्या. घेताना एक विचारून घ्या. बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं सोलर, लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय केलेली असते. तुमच्याकडे वीज सारखी जात असेल तर निदान एका वर्गापुरती बॅटरी घ्या. आणि नेट मीटरिंग करून घ्या, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत बनलेली वीज जूननंतरच्या बिलात वळती होते. माणमध्ये धूळ फार. आठवड्यातून एकदा पहाटे पॅनेल साध्या पाण्याने पुसा.

पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने सगळं गाव सौर विजेवर आणलं. कर्मवीर भाऊरावांनी याच जिल्ह्यात मुलांना कमवून शिकायला लावलं. चुना भिजवायला आणि खिडकीपुढचं कपाट सरकवायला आपल्याला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. या शनिवारी शाळा सुटली की व्यवस्थापन समितीतल्या चौघांना घेऊन एका वर्गात शिरा, दारं-खिडक्या लावा, दिवे बंद करा आणि दहा मिनिटं बाकावर बसून राहा. कुठून झळ लागते, कुठून उजेड येतो, ते वहीत टिपून घ्या. दुरुस्तीचं अंदाजपत्रक त्या वहीवरून करा.

नमस्कार.