व्हिडिओ कॉलवर मी अँटिबायोटिक का देत नाही

नमस्कार सगळ्यांना. थेट विषयावरच येते, कारण शेवटी तुमच्या प्रश्नांना वेळ हवाय. मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे कुत्र्याच्या कानाचा एक अंधुक फोटो आणि खाली "डॉक्टर, खूप खाजवतोय, मागच्या वेळचंच अँटिबायोटिक चालू करू का?" मी नाही म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, हिला फक्त व्हिजिटची फी हवीये. म्हणून आज नीट सांगते की नाही का म्हणते.

कानाचंच घेऊ. तपकिरी मळ, लाली, सूज हे फोटोत दिसतं, पण ते कशाने झालंय ते दिसत नाही. दवाखान्यात मी कापसाच्या काडीने थोडा मळ घेते, काचेच्या स्लाइडवर फिरवते, रंग चढवते आणि मायक्रोस्कोपखाली बघते, दहा मिनिटांचं काम आहे. शेंगदाण्याच्या शेंगेसारखे, कमरेत बारीक झालेले जांभळे ठिपके दिसले की ती मालासेझिया नावाची यीस्ट, आणि यीस्टवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. गोल बॅक्टेरिया दिसले तर उपचार वेगळे, काडीसारखे लांबट दिसले तर स्यूडोमोनास या चिवट बॅक्टेरियाची शंका येते आणि मग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायला, पाठवावंच लागतं. शिवाय कानाचा पडदा शाबूत आहे का हे ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या यंत्राने, बघायचं असतं, तो फाटलेला असताना जेंटामायसिनसारखे ड्रॉप्स टाकले तर कुत्र्याला कायमचं बहिरेपण येऊ शकतं. आता यातलं काय मी फोनवर करू?

लूज मोशनचंही तेच. दोनदा पातळ झालं की घरात मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक शोधायला सुरुवात होते. अंगात तरतरी आहे, पाणी पितोय, रक्त खूप नाही, अशा कुत्र्याचं पोट बहुतेक वेळा पाणी आणि हलक्या खाण्यावर काही दिवसांत आपोआप ठीक होतं. 2024 मध्ये युरोपातल्या एनोवॅट या तज्ज्ञांच्या गटानेही हेच सांगितलं की सौम्य आणि मध्यम जुलाबात कुत्र्यांना अँटिबायोटिक देऊ नका. लस न झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब करत असेल तर मात्र पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते, तिथे फोनवर बोलत बसू नका, तडक घेऊन या.

आणि बोका. हे कृपया लक्षात ठेवा. बोका सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, थेंबभर होतंय किंवा काहीच नाही, घरचे म्हणतात युरिन इन्फेक्शन असेल, गोळी सांगा. तरुण मांजरांत अशा त्रासामागे बॅक्टेरिया असणं फार कमी वेळा सापडतं. खरी भीती असते लघवीची वाट बंद होण्याची, पोटाला हात लावला की फुगलेलं कडक मूत्राशय हाताला लागतं, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबू शकतं. अशा वेळी मी फोनवर अँटिबायोटिक लिहून दिलं तर घरच्यांना वाटणार उपचार सुरू झाले, सकाळपर्यंत बघू, आणि ती एक रात्रच त्याचा जीव घेऊ शकते.

हे माझ्या एकटीचं खूळ नाहीये. ब्रिटनमध्ये 1 सप्टेंबर 2023 पासून नियम असा की अपवादात्मक परिस्थिती सोडली तर प्राण्याला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय अँटिबायोटिक लिहायचं नाही, बाकीची बरीच औषधं दुरून लिहिता येतात. कॅलिफोर्नियाने 2024 पासून व्हिडिओवर तपासून औषध लिहायला परवानगी दिली, पण अँटिबायोटिक जास्तीत जास्त 14 दिवसांचं, पुढचं हवं तर प्राणी समोर आणायचा. म्हणजे ज्यांनी दार उघडलं त्यांनीही या एका औषधाला कडी ठेवलीच.

कारण आपण त्यांना देतो ती अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, डॉक्सिसायक्लिन, सेफॅलेक्सिन ही तुमच्या-माझ्या घरातलीही औषधं आहेत. कुत्रा तुमच्या पलंगावर झोपतो, मुलांचं तोंड चाटतो, त्याच्या अंगावर औषधाला दाद न देणारे जंतू तयार झाले तर ते घरातल्यांपर्यंतही येऊ शकतात. आपल्याकडे तर कुत्रा सुस्त दिसला की गोचीड ताप समजून डॉक्सी सुरू करतात, तेही चार आठवडे, रक्त न तपासता! खरंच गोचीड ताप असेल तर ते औषध जीव वाचवतं, मी स्वतः देते, पण आधी प्लेटलेट्स तर बघा.

आता व्हिडिओ कॉल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. आत्ता आणायचं की उद्या चालेल हे मी कॉलवर सांगते, हिरड्यांचा रंग बघते, श्वास मोजायला लावते, टाके कसे भरतायत ते बघते. औषध सुरू केलेल्या पेशंटचा तर तिसऱ्या दिवशी कॉल मी स्वतः मागते, कारण उतार नसेल तर तेव्हाच कळायला हवं.

मगाशी मागून एका काकांनी विचारलं की आम्ही गावाला असतो, तिथे पेट क्लिनिकच नाही, मग काय करायचं? काका, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तिथले डॉक्टर गाई-म्हशीच बघतात असं धरून चालू नका. त्यांनी हात लावून तपासू दे, ताप आणि वजन लिहून घेऊ दे, आणि तिथूनच त्यांच्यासोबत मला व्हिडिओ लावा. मग औषध काय द्यायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवू, अँटिबायोटिकसुद्धा.